‘अनफिट’ माणसाला काय येतं, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५मध्ये देशातल्या २४४ जिल्ह्यांसाठी नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलचा हुकूम निघाला, ड्रिलचा दिवस ७ मे. मी सध्या पिंपरीला मुलाकडे असतो. त्या दिवशी टीव्हीवर भोंगे ऐकले. माझा डावा कान लहानपणापासून गेलेला, त्यामुळे सून आवाज मोठा करून देते. त्याच सुमारास स्वयंसेवकांची नावं घेताहेत असं कळलं म्हणून माझा नातू एका ठिकाणी नाव द्यायला गेला. कुठे ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या टेबलापुरती नाही.

नातू २२ वर्षांचा आहे. सातवीत असताना सुट्टीला गावी आला आणि कडबाकुट्टीत उजव्या हाताची तीन बोटं गमावून बसला. उरलेली दोन बोटं आणि डावा हात यांच्या जोरावर तो कॉम्प्युटरवर ज्या वेगाने टाइप करतो, ते बघून मला गरगरतं. टेबलामागच्या गृहस्थांनी फॉर्म हातात घेतला, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू घरीच थांब बाळा, घरच्यांकडे लक्ष दे.” आवाजात कीव होती, दुसरं काही नव्हतं. पोरगा घरी आला आणि ‘भूक नाही’ म्हणून झोपला. ती भूक नसणं मला चांगलं माहीत आहे, म्हणून हे पत्र.

१९६८ साली साताऱ्याला मी भरतीला उभा होतो. वय २०, मॅट्रिक झालेला. धावण्यात दुसरा आलो. छाती भरली, फुगवलेलीही भरली. मग एका डॉक्टरने कानात नळी घालून बॅटरी मारली आणि शेजारच्या कारकुनाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. विहिरीत मुटके मारताना कधीतरी पडदा फाटला होता. कान अधूनमधून वाहायचा, आई तेल सोडायची, पण त्याचा असा हिशेब होईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुढचा नंबर पुकारला गेला. मी उघड्या अंगाने तिथेच उभा, तेव्हा मागच्या पोराने खांद्याला धरून मला बाजूला केलं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. त्या वेळी गावातली १६ पोरं फौजेत होती. असल्या गावात अनफिट होऊन परत येणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बायाबापड्या “असूं दे रं बाळा” म्हणायच्या, ते ऐकवत नसे. वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत होते, सेनिओ नदीच्या लढाईपर्यंत. ते चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गोठ्यात शेण भरता भरता म्हणाले, “इटलीत रेशन उशिरा आलं की पोरं शिव्या द्यायची. डाक उशिरा आली की गप बसायची. पल्टण गप बसली की सुभेदाराला भ्या वाटायचं.” आणि पाटी उचलून निघून गेले. मला वाटलं, म्हातारं भरकटलं.

वर्षभरात गावचं पोस्ट सांभाळणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि ते काम माझ्याकडे आलं. खेड्यातलं पोस्ट म्हणजे काय? आमच्या सोप्याचा एक कोपरा. त्यात लाकडी पेटी, वजनाचा काटा, तारखेचा शिक्का, शाईचा पॅड, लाख आणि मेणबत्ती. सकाळच्या एसटीने थैली यायची, दुपारच्या एसटीने जायची. पगाराला पगार म्हणणं अवघड होतं. पण १६ घरांच्या मनिऑर्डरी आणि पत्रं माझ्या हातून जायची, आणि त्यातल्या ११ घरांत वाचणारं कुणी नव्हतं. म्हणजे पत्र आलं की वाचायचं मी आणि उत्तर लिहायचंही मीच.

बायका दुपारच्या वेळी यायच्या, पुरुष शेतावर असताना. मी उजवा कान त्यांच्याकडे करून बसायचो. सासू सोबत असली की सूनबाई मोठ्याने सांगायची, शेरडाला दोन करडं झाली, शाळू बरा आहे. सासू पाणी प्यायला आत गेली की खाली वाकून हळूच एखादं वाक्य. ते डाव्या बाजूने आलं की मला कळायचंच नाही, मग ती लाजेने लाल. शेवटी मी चौरंगाची जागाच बदलली. “हे लिवू नगा भावजी” असं प्रत्येकीचं एकतरी वाक्य असायचं. ते लिहायचं नाही, एवढं कळायला मला दोन महिने लागले. आणि कधीकधी तेच लिहायला हवं असतं, हे कळायला त्याहून जास्त.

यात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. एका जवानाचा बाप आजारी होता, आजार साधा नव्हता. घरच्यांनी सांगितलं, पोराला कळवू नका, लढाईचे दिवस दिसताहेत, तो तिकडून काय करणार? मीही शहाणपण केलं आणि ‘आबांची तब्येत ठीक आहे’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. न लिहिणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं, हा फरक तेव्हा केला नाही. लढाई संपल्यावर तो सुट्टीवर आला तेव्हा आबांचं तेरावं होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सोप्यात येऊन बसला. खिशातून ते निळं पत्र काढलं आणि विचारलं, “मास्तर, अक्षर तुमचंच न्हवं?” मी हो म्हणालो. पत्राची घडी घालून तो उठला. पुढे आमचं बोलणं होतं, पण घरचं पत्र लिहून घ्यायला त्याची बायको परत माझ्याकडे आली नाही. शेजारच्या गावच्या गुरुजींकडे जायची, तीन किलोमीटर चालत.

जवानाच्या पत्त्यावर गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. आमच्या बायांना ते छप्पन पाठ होतं, ओवीत गुंफावं तसं म्हणायच्या. १९७१चा पावसाळा सरता सरता दोन पोरांच्या पाकिटांवर ५६च्या जागी ९९ आलं. पोस्टात बसणाऱ्याला याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. पोरगं पूर्वेकडे गेलं. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली होती. काय होणार याचा अंदाज शेंबड्या पोरालाही होता. त्यांतल्या एकाच्या बायकोने विचारलं, “आकडा का बदलला वो?” मी म्हटलं, “आता नवा आकडा लिहायचा, एवढंच.” वडिलांनीही एकदा विचारलं. मी म्हणालो, पोस्टाचं आहे. ते मिशीत हसले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. आज कुठल्या गावातून कुठली गाडी निघाली याचे व्हिडिओ लोक पुढे पाठवतात, तेव्हा मला ते हसू आठवतं.

१५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. फक्त पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं त्यातून सुटली. नवीन तिकीट छापून होईपर्यंत सरकारने कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट घेतलं आणि त्यावरच शिक्का छापला. लग्न होऊन चार महिने झालेल्या एका पोरीच्या पत्रावर मी ते चिकटवलं, तर तिच्या नणंदेने लाल त्रिकोण ओळखला आणि सोप्यात जो हशा पिकला! ती पोरगी म्हणे, “भावजी, ह्ये काढा, त्यास्नी काय वाटंल!” काढता येत नाही म्हणून सांगितलं. पंधरा पैशांचं आंतर्देशीय पत्र वीस पैशांना पडायला लागलं तेव्हा कुरकूर झाली. काहीजणी दहा पैशांच्या कार्डावर आल्या. पण कार्ड उघडं असतं, पलटणीत चारचौघांच्या हातून जातं. वर सांगितलेलं ते हळू आवाजातलं वाक्य कार्डावर कसं लिहायचं? तेवढ्यापुरते पाच पैसे मी घालायचो. हा काही मोठेपणा नव्हे, तेवढीच ऐपत होती.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई जाहीर झाली. चावडीवरच्या रेडिओला गाव चिकटलं. शहरात ब्लॅकआउट होता, काचांना काळे कागद लावत होते असं मुंबईहून आलेले सांगायचे. आमच्याकडे वीजच नव्हती, त्यामुळे तो देशसेवेचा प्रकार आमच्या वाट्याला आला नाही.

दुसऱ्या दिवशीच बाजाराहून कुणीतरी बातमी आणली की आपली अख्खी पलटण कापली गेली. कुठली पलटण, कुठे, कुणाला ठाऊक. रात्री कंदील घेऊन सात-आठ बाया आमच्या दारात. मी म्हटलं, असं काही असेल तर तार आधी माझ्याकडे येईल, आली नाही म्हणजे काही नाही. त्यांना ते पटलं, पण एकदा सांगून भागणारं नव्हतं. सकाळ झाली की पुन्हा तोच घोर. म्हणून मी धाकट्या भावाची शाळेची पाटी घेतली, तिच्यावर खडूने लिहिलं, ‘आज तार नाही’, आणि दिवेलागणीला सोप्याच्या खांबाला टांगली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी पहिल्या दिवशी विचारून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून अक्षरांचं चित्र ओळखू लागल्या. पाणी आणायला जाताना वाट वाकडी करून पाटी बघून जायच्या. रेडिओवर काय सांगतात यापेक्षा गावाला त्या पाटीचा भरवसा जास्त. ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाल्याची बातमी आली तेव्हा नौदलात आमचं कुणी नव्हतं, तरी त्या संध्याकाळी पाटीपुढे गर्दी झाली.

तार आली ती नेमकी संध्याकाळी. तालुक्याहून सायकलवर माणूस आला. इंग्रजीतल्या दोन ओळी. मी त्या तीनदा वाचल्या, नंबर ताडून पाहिला आणि टोपी घालून निघालो. वरच्या आळीतलं घर. जाताना माझ्या हे ध्यानातच आलं नाही की दिवे लागले आहेत आणि खांबाला पाटी नाही. मी निम्म्या वाटेत असेन. मागे वळून पाहिलं तर गल्लीत बाया उभ्या, अंतर राखून, कुणीच काही बोलत नव्हतं. मी कुठल्या दारापाशी थांबतो एवढंच बघायचं होतं त्यांना. प्रत्येक दार ओलांडलं की मागे कुणीतरी मटकन खाली बसलेलं कळायचं. पाटी न लावून मी पंधरा घरांना ती वाट चालायला लावली. आधी पाटी लावायची, मग निघायचं, एवढं साधं सुचलं नाही. आणि पाटीवर तरी काय लिहिलं असतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

ती माउली दारातच होती. तिला पाटीचं ठाऊक नव्हतं, गुडघ्यांमुळे ती खाली उतरतच नसे. मी तिच्याकडे जायचो ते फक्त मनिऑर्डर घेऊन. मला बघून ती उठली, उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि शाईसाठी माझ्यापुढे धरला.

पुढचं लिहीत नाही.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, गावात साखर वाटली. मराठ्यांची जंगी पलटण जमालपूरला लढली आणि ११ डिसेंबरला टांगाईलवर छत्रीने उतरलेली पॅराची बटालियन मूळची मराठ्यांचीच, हे आम्हाला मागाहून कळलं. मी मात्र पाटी काढली नाही. पश्चिमेला बंदुका थांबल्या त्या १७ला, आणि तारा लढाईच्या मागून चालत येतात. महिनाअखेरपर्यंत रोज लिहिली, आणि आणखी तार आली नाही. पाच पैशांचं तिकीट मात्र पुढे १९७३च्या मार्चअखेरपर्यंत चिकटवत राहिलो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे नागरी संरक्षणाचा कायदा १९६८चा, म्हणजे मी अनफिट झालो त्याच वर्षीचा. या दलाच्या कामाचे १२ विभाग आहेत. आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं, जखमींना उचलणं ही कामं धडधाकट माणसाचीच, त्यात वाद नाही. पण त्याच १२ मध्ये मुख्यालयाचं काम आहे, संपर्क आहे, पुरवठा आहे, कल्याण विभाग आहे, वॉर्डन आहे. गल्लीत म्हातारं माणूस एकटं कुठे राहतं, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुठल्या घरात तान्हं मूल आहे, याची यादी करून ती चालू ठेवणं हे वॉर्डनचं निम्मं काम. ते खुर्चीत बसून होतं. रात्री तीन वाजता फोनवर घाबरलेल्या माणसाकडून पत्ता नीट विचारून घेणं, आकडा न चुकता पुढे देणं, हेही खुर्चीतलंच काम आहे आणि ते सगळ्यांना जमत नाही. मी तर म्हणेन, धावणाऱ्यांना कमीच जमतं. त्यांचं लक्ष दाराकडे असतं.

तरी टेबलापाशी पहिली नजर जाते ती हातापायांकडे. नातवाने आणलेला तो फॉर्म मी पाहिला. व्यंग असल्यास नोंदवा, आजार असल्यास नोंदवा, यासाठी जागा होती. काय करता येतं, यासाठी एक ओळही नव्हती. टाइपिंग येतं, कानडी बोलता येतं, मूकबधिरांची खूणभाषा येते, रात्रपाळीची सवय आहे, गुपित राखता येतं (हे फॉर्मवर लिहायचं नसतं, कबूल) अशी माणसं प्रत्येक वॉर्डात आहेत. त्यांना व्यंगाची ओळ भरायला लावून घरी पाठवायचं आणि मग ऐन वेळी फोन उचलायला माणूस नाही म्हणायचं, हा कुठला हिशेब? फौजेला फाटका कान चालत नाही, ते बरोबरच आहे. त्या डॉक्टरवर माझा राग नाही. आपल्या कामाला काय लागतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसालाही आपल्या १२ कामांना काय काय लागतं ते ठाऊक असावं, एवढंच मागणं आहे. फॉर्मवर चार ओळींची जागा वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी आपल्या दैनिकात हे वाचलं तर बरं होईल.

नातवाला मी परत पाठवतो आहे. या वेळी सोबत मीही जाणार आहे. वय ७७, डावा कान बंद, उजवा चांगला, अक्षर अजून लागतं. रात्री दोननंतर मला तशीही झोप येत नाही. दोघांनाही नको म्हणाले तर पुन्हा पत्र लिहीन.

आपला,
एक निवृत्त शाखा डाकपाल,
पिंपरी